माइंडस्पॉटचा आठ आठवड्यांचा कोर्स: फुकट आहे, चांगला आहे, अर्ध्यात सुटू नये म्हणून काय करायचं?

ऑस्ट्रेलियात डिप्रेशन किंवा अँक्झायटीची तक्रार घेऊन जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, गेलात आणि सायकॉलॉजिस्टची वेळ लवकर मिळत नसली, तर तुम्हाला माइंडस्पॉटचं नाव सुचवलं जाण्याची बरीच शक्यता आहे. सिडनीच्या मॅक्वेरी विद्यापीठातून चालणारं हे ऑनलाइन क्लिनिक. निक टिटोव्ह आणि ब्लेक डिअर या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनातून ते उभं राहिलं. ते २०१२च्या अखेरीस सुरू झालं आणि खर्च तिथलं केंद्र सरकार उचलतं. फी नाही, जीपीची चिठ्ठी लागत नाही, आणि जीपीने करून दिलेल्या मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅनवर वर्षाला मिळणारी सायकॉलॉजिस्टची सवलतीची १० सत्रंही यात खर्ची पडत नाहीत. हे परीक्षण त्यांच्या मुख्य ‘वेलबीइंग कोर्स’चं आहे. १८ ते २५ वयासाठी ‘मूड मेकॅनिक’, ज्येष्ठांसाठी ‘वेलबीइंग प्लस’, शिवाय ओसीडी (तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होणं), पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) आणि जुनाट दुखण्यासाठीही वेगळे कोर्स आहेत.

आमचं मत आधीच सांगतो. धडे दिसायला रटाळ आहेत, आतला मजकूर पक्का आहे. पण या कोर्सची खरी किंमत धड्यांभोवतीच्या व्यवस्थेत आहे: ठरलेल्या तारखा, आठवण करून देणारे ईमेल आणि आठवड्यातून एकदा फोनवर किंवा संदेशातून गृहपाठाबद्दल विचारणारा थेरपिस्ट. ही व्यवस्था वापरली नाही तर बाकी उरतात त्या इंटरनेटवर कुठेही मिळतील अशा स्लाइड्स.

असं का म्हणतो? ऑनलाइन मानसोपचाराचा सगळ्यात मोठा रोग म्हणजे गळती. २०१९ साली ९३ लोकप्रिय मानसिक आरोग्य अ‍ॅप्सच्या वापराचे आकडे प्रसिद्ध झाले. अ‍ॅप टाकल्यावर पंधराव्या दिवशी ते उघडणारे लोक होते ३.९ टक्के, आणि तिसाव्या दिवशी ३.३ टक्के. म्हणजे गळायचे ते पहिल्या पंधरवड्यातच गळतात. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचा ‘मूडजिम’ हा या क्षेत्रातला जुना आणि नावाजलेला ऑनलाइन स्वमदत कार्यक्रम, २००१चा. इंग्लंडमध्ये जीपीकडे येणाऱ्या ६९१ डिप्रेशनच्या रुग्णांवर मूडजिम आणि आणखी एक कार्यक्रम तपासला गेला. त्याचे निष्कर्ष २०१५मध्ये आले: मूडजिम मिळालेल्यांतल्या निदान निम्म्यांनी सहापैकी जास्तीत जास्त एकच सत्र केलं, सगळी सत्रं पुरी करणारे १६ टक्के. नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. औषधाची बाटली न उघडताच औषध तपासल्यासारखं ते झालं.

या प्रयोगात लोकांना दर आठवड्याला फोन जात होते. पण ते मुख्यतः तांत्रिक मदत आणि आठवण यांपुरते. पुढच्या प्रयोगात ३६९ लोकांना तोच मूडजिम दिला. त्यांतल्या साधारण निम्म्यांना आखीव फोन-मदत होती, काय केलं, कुठे अडलं, पुढच्या आठवड्यात काय करणार, अशी. चार महिन्यांनी या गटात सुधारणेची शक्यता जवळपास दुप्पट निघाली. बारा महिन्यांनी मात्र हा फरक टिकला नव्हता, हेही सांगायला हवं. आणि माणूस नसेल तर साधे ईमेलसुद्धा काम करतात. टिटोव्ह यांच्याच गटाच्या २०१३मधल्या २५७ लोकांवरच्या प्रयोगात दोन गटांना सारखाच कोर्स दिला. ठरलेल्या वेळी आपोआप जाणारे ईमेल ज्यांना मिळाले त्यांतल्या ५८ टक्के लोकांनी तो पुरा केला, ज्यांना मिळाले नाहीत त्यांतल्या ३६ टक्क्यांनी. त्यामुळे माइंडस्पॉटचे ईमेल ही जाहिरात समजू नका, तो उपचाराचा भाग आहे. नोंदणी झाल्या दिवशीच त्यांचा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये घाला. जीमेल वापरत असाल तर पहिला ईमेल ‘प्रमोशन्स’मध्ये पडलाय का पाहा आणि ओढून ‘प्रायमरी’त आणा.

आता प्रत्यक्ष क्रम. वेबसाइटवर खातं उघडलं की आधी प्रश्नावली भरायची. यात पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ या दोन प्रश्नावल्या येतात, त्यांच्याशी ओळख करून घ्या, पुढे आठ आठवडे त्या भेटणार आहेत. पहिलीत डिप्रेशनचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. आकडा १० किंवा त्याहून वर गेला की त्रास मध्यम किंवा त्याहून जास्त समजतात. दुसरीत अँक्झायटीचे सात प्रश्न, एकूण २१. दोन्हींत ‘गेल्या दोन आठवड्यांत’ असं विचारलेलं असतं, आज सकाळी कसं वाटलं ते नाही. पीएचक्यू-९चा नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल आहे. बरेच जण तिथे संकोचाने शून्य टाकतात. तसं करू नका. वरचा आकडा टाकलात तर क्लिनिकमधून फोन येऊ शकतो, आणि तो यावा म्हणूनच तो प्रश्न आहे.

त्यानंतर फोनवर क्लिनिकच्या माणसाशी बोलणं होतं आणि तुमच्या त्रासाचा लेखी अहवाल मिळतो. तो जीपीला देता येतो. पहिल्या सात वर्षांत माइंडस्पॉटवर १,२१,६५२ जणांनी ही तपासणी सुरू केली, कोर्सला नाव घातलं २१,७४५ जणांनी. हा आकडा अपयशाचा नव्हे. अनेकांना फक्त आपल्याला नेमकं काय होतंय आणि कुठे जावं एवढंच कळून घ्यायचं असतं. कोर्स करायचाय की नाही हे अजून ठरलं नसेल, तरी तपासणी करून अहवाल हातात घ्यायला काहीच हरकत नाही.

कोर्समध्ये पाच धडे आहेत, आठ आठवड्यांत. पहिली गफलत इथेच होते. धडा नसलेल्या आठवड्यात काही नवीन उघडत नाही, मग लोकांना वाटतं की वेबसाइट अडकली किंवा आपण मागे पडलो. ते आठवडे सरावासाठी मुद्दाम मोकळे सोडलेले आहेत. कॅलेंडरमध्ये आठही आठवडे आधीच भरून टाका: धड्याच्या आठवड्यात एक पाऊण तासाची बैठक, आणि दर आठवड्याला पंधरा मिनिटांचे तीन सराव. रविवारी रात्री नको. ती वेळ सोमवारच्या डब्याची आणि मुलांच्या गणवेशाची असते, पहिल्याच आठवड्यात हुकते.

पहिला धडा ओळखीचा आहे. विचार, शरीरातली लक्षणं आणि वागणं हे तिन्ही एकमेकांना कसं फुगवतात ते त्यात सांगितलंय. हा धडा सोपा आणि थोडा शाळकरी वाटतो, आणि ‘हे तर मला माहीतच होतं’ म्हणून सोडून देणारे इथे जास्त सापडतात. माहीत असणं आणि स्वतःची तीन खान्यांची यादी कागदावर उतरवणं यांत फरक आहे, पुढचे चारही धडे त्या कागदावर उभे आहेत.

दुसरा धडा विचार तपासण्याचा. इथली नेहमीची चूक म्हणजे विचाराच्या खान्यात घटना लिहिणं. ‘मॅनेजरने ईमेलला उत्तर दिलं नाही’ ही घटना झाली. विचार असा: ‘माझं काम त्याला आवडलेलं नाही, कॉन्ट्रॅक्ट वाढवून मिळणार नाही.’ तो पकडला की त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध बाजूचा पुरावा आणि मग दोन्हींना धरून एक वाक्य. हे शेवटचं वाक्य गोडगोड असायची गरज नाही. ‘सगळं छान होईल’ असं लिहिलंत तर मन ते लगेच फेटाळतं. ‘तो गुरुवारपर्यंत सगळ्यांनाच उशिरा उत्तर देतो, मी शुक्रवारी एकदा विचारीन’ हे चालतं, कारण ते खरं आहे आणि त्यात पुढची कृती आहे. कोर्स इंग्रजीत असला तरी हा तक्ता मराठीत भरा. रात्री अडीच वाजता डोक्यात जे येतं ते ज्या भाषेत येतं त्याच भाषेत उतरवलं तर नेमकं सापडतं. थेरपिस्टला सांगताना हवं तर एकाच नोंदीचं इंग्रजी करा. आणि नोंद त्याच दिवशी करा. आठवड्याचे सगळे तक्ते फोनच्या आधी अर्ध्या तासात भरले की ते परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या जर्नलसारखे होतात: नीटनेटके आणि बिनकामाचे.

तिसऱ्या धड्यात शरीराकडे वळतात: संथ श्वास आणि दिवसाची आखणी. श्वासाचा हिशोब सोपा आहे, तीन सेकंद आत, तीन सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला दहा श्वास, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. तो बिघडतो कारण लोक पहिल्यांदा वापरून बघतात ते थेट धडधड टिपेला पोचल्यावर, आणि मग ‘माझ्यावर चालत नाही’ म्हणून सोडतात. पहिले दहा-बारा दिवस तो शांत असतानाच करायचा. दिवसाच्या आखणीत उलटी चूक होते. डिप्रेशनमध्ये असलेला माणूस उत्साहात ‘रोज एक तास जिम’ लिहितो, दुसऱ्या दिवशी चुकतं आणि अपराधीपणा वाढतो. जेवणानंतर दहा मिनिटं चालणं, बुधवारी एका मैत्रिणीला फोन, शनिवारी सकाळी भाजी आणायला स्वतः जाणं, एवढंच ठेवा. इच्छा झाली की करू असं ठरवलंत तर ते होणार नाही, कारण या आजारात इच्छा कृतीच्या मागून येते.

चौथा धडा सगळ्यात कठीण आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचा. ज्याची भीती वाटते म्हणून टाळतो त्याला पायरीपायरीने सामोरं जायचं. याला वेळ द्या, कारण पुढे येऊन थबकणारे लोक इथेच थबकतात. समजा ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलण्याची धास्ती आहे. सगळ्यांसमोर उभं राहून प्रेझेंटेशन देणं याला १० गुण. आधी लिहून ठेवलेला एक प्रश्न मीटिंगमध्ये विचारणं याला ३ किंवा ४. मधल्या चार-पाच पायऱ्या तुम्ही भरायच्या: कॅमेरा सुरू ठेवून बसणं, स्वतःच्या कामाचा दोन वाक्यांत आढावा देणं, एखाद्याच्या म्हणण्याशी असहमती दाखवणं. सुरुवात ३-४च्या पायरीपासून. ८पासून सुरू केलंत तर एकदाच कराल. जिथे शक्य आहे तिथे भीती साधारण निम्म्यावर येईपर्यंत त्या प्रसंगात थांबायचं. भीती शिगेला असताना बाहेर पडलात तर मन शिकतं की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती जास्त असते. तीच पायरी आठवड्यात तीन-चार वेळा केल्याशिवाय वर जाऊ नका. आणि गुपचूप टेकू लक्षात ठेवा: कॅमेरा बंद ठेवणं, बोलताना पूर्णवेळ कागदात बघणं, सोबत कुणी असेल तरच जाणं. टेकू लावून केलेल्या पायरीचं श्रेय टेकूला जातं.

पाचवा धडा आजार परतू नये यासाठी आहे. तो सर्वांत जास्त वगळला जातो, कारण तोवर बहुतेकांना बरं वाटायला लागलेलं असतं. एक आकडा हाताशी ठेवा: पीएचक्यू-९मध्ये पाच गुणांची घट ही नाव घेण्याजोगी सुधारणा मानतात. १६ वरून १४वर आलात तर चांगली सुरुवात आहे, पण कोर्स सोडण्याचं कारण नाही. उलटही होतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आकडा एक-दोनने वाढू शकतो, कारण आजवर दुर्लक्षित केलेल्या गोष्टी तुम्ही आता मोजायला लागलेले असता. एका आठवड्याच्या आकड्यावरून काही ठरवू नका, तीन-चार आठवड्यांचे आकडे शेजारी मांडून पाहा. दर आठवड्याला पाच गुणांनी चढतच असेल तर मात्र वाट पाहू नका, थेरपिस्टला आणि जीपीला त्याच दिवशी सांगा.

थेरपिस्टशी संपर्क आठवड्यातून एकदा, फोनवर किंवा वेबसाइटच्या आतल्या सुरक्षित संदेशांतून, दहा-पंधरा मिनिटांचा. ही पन्नास मिनिटांची थेरपी नाही आणि तशी अपेक्षा ठेवलीत तर निराश व्हाल. बालपणापासूनची कहाणी इथे मांडता येत नाही. फोनच्या आधी कागदावर तीन ओळी लिहा: काय केलं, कुठे अडलं, एक प्रश्न. वेळ मागताना शाळा सुटण्याची किंवा ट्रेनमधली वेळ टाळा. फोन कोणत्या नंबरवरून येईल हे पहिल्याच बोलण्यात विचारून घ्या, अनोळखी नंबर न उचलण्याची सवय आपल्यापैकी बहुतेकांना आहे. आणि गृहपाठ झाला नसेल तर फोन टाळू नका. ‘काहीच केलं नाही’ हे वाक्य ऐकायलाच तो माणूस तिथे बसलाय, दहा मिनिटांत तो काम निम्मं करून देतो. आपल्याकडे शिक्षकांपुढे गृहपाठाविना उभं राहण्याची लाज खोल मुरलेली आहे, आणि तीच इथे कोर्स मोडते.

दोन आठवडे पूर्ण सुटले तर? पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरू करू नका, तसं करणारे सहसा दुसऱ्यांदाही तिथेच सोडतात. चालू धड्याचा छापील सारांश उघडा, त्यातला एकच सराव निवडा आणि थेरपिस्टला संदेश टाका. राहिलेलं सगळं एका शनिवारी भरून काढण्याच्या फंदात पडू नका.

उणिवा आहेतच. सगळं इंग्रजीत आहे आणि भरपूर वाचायचं आहे. दिलेल्या कहाण्यांमधली माणसं ऑस्ट्रेलियन आहेत, सासूबाई सहा महिन्यांसाठी राहायला आल्यात अशी अडचण त्यांत सापडणार नाही. हे प्रामुख्याने मेडिकेअरसाठी, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य योजनेसाठी, पात्र असलेल्यांचं क्लिनिक आहे, त्यामुळे विद्यार्थी व्हिसावर किंवा आई-वडिलांसारखे भेटीच्या व्हिसावर आलेल्यांनी आधी माइंडस्पॉटच्या १८०० ६१ ४४ ३४ या नंबरवर चौकशी करावी. नवरा-बायकोच्या वादांसाठी हा कोर्स नाही. घरात मारहाण होत असेल तर १८०० ७३७ ७३२ हा मदतीचा नंबर आहे. भ्रम-भास असतील किंवा दारू हाताबाहेर गेली असेल तर समोरासमोर डॉक्टरच हवा. जीव द्यावासा वाटत असेल तर कोर्सची वाट पाहायची नाही: तातडीच्या मदतीचा नंबर ०००, किंवा लाइफलाइन १३ ११ १४.

पर्यायांचं थोडक्यात. सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट्स हॉस्पिटलचा ‘धिस वे अप’ चित्रकथेतून शिकवतो. वाचनाचा कंटाळा असणाऱ्यांना तो जास्त रुचेल, आणि तुमचा जीपी किंवा सायकॉलॉजिस्ट तिथे तुमच्यावर लक्ष ठेवायला तयार असेल तर माइंडस्पॉटच्या तोडीचा आहे. मूडजिम लवचीक आहे, पण एकट्याने तो पुरा करण्याची शक्यता किती हे वर आलंच. घ्यायचाच असेल तर आठवड्यातून एकदा गृहपाठ विचारणारं कुणीतरी आधी शोधा. त्यासाठी तज्ज्ञच लागतो असं नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेच्या प्रयोगात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डिप्रेशनच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम देणारे समुपदेशक डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांत त्यांच्या रुग्णांना स्पष्ट फायदा दिसला. फक्त ‘बरं वाटतंय ना?’ विचारणारा जोडीदार मात्र या कामाचा नाही. ‘कोणती पायरी केलीस, किती वेळा?’ असं विचारणारी मैत्रीण चालेल.

महाराष्ट्रातल्या वाचकांना माइंडस्पॉट घेता येणार नाही. इथे १० ऑक्टोबर २०२२पासून केंद्र सरकारचं टेली-मानस आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, भाषा निवडताना मराठी मिळते. तो कोर्स नव्हे, फोनवरचं समुपदेशन आहे, गरज पडली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतात. एखादं स्वमदत अ‍ॅप वापरत असाल तर ‘मी हा अमुक सराव करतोय, इथे अडलोय’ असं नेमकं सांगून फोन करा. मोघम ‘टेन्शन आहे’पेक्षा त्यातून जास्त हाती लागतं. दर वेळी समुपदेशक वेगळा असू शकतो, म्हणून तारीख आणि काय ठरलं हे वहीत लिहून ठेवा.

माइंडस्पॉट करणाऱ्यांसाठी शेवटचं एक काम. आठव्या आठवड्यातच पाचही धड्यांचे सारांश आणि स्वतःच्या आकड्यांचा तक्ता उतरवून घ्या. तीन महिन्यांनी पुन्हा प्रश्नावली येते, ती भरा. आकडा कोर्स संपतानाच्या आकड्यापेक्षा पाचने वर गेलेला दिसला तर आधी चौथ्या धड्याची पायऱ्यांची यादी काढा आणि बघा, मधल्या काळात कोणती गोष्ट पुन्हा टाळायला लागलात.